नागपूर शहराची वाढ आणि पर्यावरणीय संनियंत्रण : एक ऐतिहासिक अभ्यास (१८६९ ते २०२३)

सारांश

शहरांची वाढ मोजणे, तिचे प्रतिमान तयार करणे आणि तिच्या परिणामांवर सातत्याने लक्ष ठेवणे ही आधुनिक नगरविज्ञानाची तीन प्रमुख अंगे होत. या विषयाची चर्चा करताना चीनमधील शहरांचा दाखला हमखास दिला जातो. तथापि पूर्व विदर्भाच्या दृष्टीने अधिक निकटचे उदाहरण नागपूरचे आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ या शहराची व त्याच्या पाण्याची मोजणी होत आली आहे. अशी मोजणी करणाऱ्या राष्ट्रीय दर्जाच्या संस्था याच शहरात आहेत. असे असूनही नागपूरचे सांडपाणी नाग व कन्हान नद्यांतून वैनगंगेत पोहोचले आणि त्याचा भार भंडारा जिल्ह्यावर पडला. प्रस्तुत निबंधात या विसंगतीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. मोजणीची हद्द आणि निर्णयाची हद्द या दोन्ही प्रशासकीय सीमेपाशी थांबल्या, पाणलोटापर्यंत गेल्या नाहीत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नगरवाढ, प्रतिमान, संनियंत्रण, सुदूर संवेदन, पाणलोट क्षेत्र, नाग नदी, वैनगंगा, मामा तलाव.

१. प्रस्तावना

नगर ही मानवी संस्कृतीची मोठी निर्मिती असली तरी ती स्वयंपूर्ण कधीच नसते. अन्न, पाणी, इंधन व श्रम ते बाहेरून घेते आणि कचरा व सांडपाणी बाहेर टाकते. म्हणून कोणत्याही शहराचा इतिहास त्याच्या वेशीच्या आत पूर्ण होत नाही. तो आजूबाजूच्या गावांच्या, नद्यांच्या व शेतीच्या इतिहासातही लिहिलेला असतो. लाखनी, साकोली, पवनी वा भंडारा येथील अभ्यासकाला नागपूरच्या वाढीचा अभ्यास परका वाटू नये, याचे कारण हेच आहे. नागपूर हे पूर्व विदर्भाचे शिक्षण, आरोग्य व व्यापार यांचे केंद्र आहे आणि त्याच्या नद्यांचा उतार वैनगंगेकडे आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) नागपूर शहराची वाढ व तेथील पाणी यांच्या मोजणीचे ऐतिहासिक टप्पे निश्चित करणे.
२) या मोजणीचा नगरविषयक निर्णयांशी असलेला संबंध तपासणे.
३) या प्रक्रियेचे भंडारा जिल्ह्यावर झालेले परिणाम समजून घेणे.
४) लाखनीसारख्या वाढत्या लहान नगरांसाठी यातून कोणता बोध घेता येईल, याचा विचार करणे.

अभ्यासाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. जनगणनेचे आकडे पूर्णांकाच्या जवळपास घेतले आहेत.

३. प्रतिमान व संनियंत्रण : संकल्पना आणि चीनचा अनुभव

प्रतिमान म्हणजे वास्तवाची सोपी केलेली आकृती. शहराचे प्रतिमान तयार करताना त्याच्या भूमीचे लहान लहान चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोन शेत, जंगल, पाणी वा बांधकाम यांपैकी काय आहे, याची नोंद होते. शेजारी किती बांधकाम आहे, रस्ता किती दूर आहे, उतार किती आहे अशा नियमांनुसार पुढील काळात कोणता चौकोन बांधकामाखाली जाण्याचा संभव आहे, हे संगणक सांगतो. या पद्धतीस सेल्युलर ऑटोमाटा असे नाव आहे. संनियंत्रण म्हणजे हवा, पाणी व भूमी यांची ठरावीक ठिकाणी, ठरावीक काळाने, एकाच पद्धतीने केलेली मोजणी. प्रतिमान भविष्याविषयी अंदाज देते आणि तो अंदाज खरा ठरतो की नाही, हे संनियंत्रणातून कळते.

चीनमध्ये या दोन्ही शास्त्रांची झपाट्याने वाढ झाली, कारण तेथील शहरेच झपाट्याने वाढली. १९७८ साली चीनची सुमारे १८ टक्के लोकसंख्या नागरी होती. २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांच्या पुढे गेले. १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या शेंझेनची लोकसंख्या २०२० च्या गणनेत सुमारे पावणेदोन कोटी भरली. पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील डोंग्वान येथे अँथनी ये व ली शिया या अभ्यासकांनी १९८८ ते १९९३ या काळातील उपग्रहचित्रांवरून शेतजमिनीचा ऱ्हास मोजला. वाढीला वळण दिले असते तर किती सुपीक जमीन वाचली असती, याचे प्रतिमानही त्यांनी मांडले.

हवेच्या बाबतीत जानेवारी २०१३ पासून चीनमधील ७४ शहरांत सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण तासागणिक प्रसिद्ध होऊ लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. २०१७ पर्यंत बीजिंगमधील सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास आणण्याचे लक्ष्य त्यात होते, आणि ती सरासरी त्या वर्षी ५८ वर आली. तेथील राज्यव्यवस्था आपल्याहून वेगळी आहे, त्यामुळे हा अनुभव जसाच्या तसा उचलता येणार नाही. परंतु त्यातील एक सूत्र लक्षणीय आहे. तेथे आकडा प्रसिद्ध होताच तो कमी करण्याची जबाबदारी व मुदत निश्चित झाली. नागपूरच्या इतिहासाकडे याच सूत्राच्या प्रकाशात पाहणे उचित ठरेल.

४. पहिले प्रतिमान : बिनी यांची पर्जन्य-अपधाव मोजणी

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी नागपूरचा पाया घातला. भोसल्यांच्या काळात ते राजधानीचे नगर झाले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. प्रशासन, दळणवळण व उद्योग अवघ्या सोळा वर्षांत एकत्र आले आणि वाढत्या वस्तीला पुरेल इतके पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नातून आपल्या प्रदेशातील एका महत्त्वाच्या जलशास्त्रीय प्रयोगाचा जन्म झाला. सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंता अलेक्झांडर बिनी यांनी १८६९ व १८७२ या वर्षांत नागपूरजवळील सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पडणारा पाऊस आणि तेथून वाहून येणारे पाणी यांची मोजणी केली. त्यावरून वार्षिक पाऊस किती झाला असता त्यातील किती हिस्सा वाहून येतो, याची टक्केवारी त्यांनी बसविली. नागपूरच्या पाणीपुरवठ्यावरील त्यांचा निबंध लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने १८७५ मध्ये प्रसिद्ध केला. बिनी यांची टक्केवारी पुढे विदर्भात व मध्य प्रदेशात जलाशयांच्या आखणीसाठी वापरली गेली आणि अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही शिकविली जाते.

या टक्केवारीनुसार वर्षभरात ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे १५ टक्के पाणी वाहून येते. ८०० मिलिमीटरला हे प्रमाण २९ टक्के आणि १,००० मिलिमीटरला ३८ टक्के होते. म्हणजे १६ चौरस किलोमीटरवर १,००० मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण १ कोटी ६० लाख घनमीटर पाणी पडेल आणि त्यातील सुमारे ६१ लाख घनमीटर जलाशयात येईल. पाऊस वाढतो त्याहून अधिक वेगाने अपधाव वाढतो, कारण एकदा ओली झालेली माती पुढील पाणी कमी शोषते. ही महत्त्वाची गोष्ट या कोष्टकातून स्पष्ट होते.

मात्र या प्रतिमानाच्या दोन मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी की, ते मोकळ्या भूमीवरील मोजणीवर उभे आहे. ज्या पाणलोटात शेतांऐवजी छपरे, डांबर व काँक्रीट येते तेथे मुरणारे पाणी घटते आणि वाहणारे वाढते. दुसरी मर्यादा अशी की, ते वर्षभराच्या एकूण पाण्याचा हिशेब देते, एका रात्रीच्या मुसळधार पावसाचा नाही. तत्कालीन शासनापुढे पाणी अपुरे पडण्याची भीती होती. अतिरिक्त पाण्याचा प्रश्न त्या प्रतिमानाला विचारलाच गेला नव्हता. कोणतेही प्रतिमान त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते.

५. आधी पाहणी, मग आराखडा : गेडिस ते सुधार प्रन्यास

स्कॉटिश नगरचिंतक पॅट्रिक गेडिस यांनी नागपूरविषयी अहवाल सादर केला. आधी शहराची संपूर्ण पाहणी आणि नंतर आराखडा, हे त्यांचे मूलभूत तत्त्व होते. भूगोल, पाणी, व्यवसाय आणि लोकांच्या राहण्याच्या रीती यांचा अभ्यास झाल्याखेरीज रस्ते सरळ करण्याच्या नावाखाली वस्त्या पाडण्यास त्यांचा विरोध होता. शहर व भोवतालचा प्रदेश ही एकच सजीव रचना असून नदीचे खोरे हे नियोजनाचे नैसर्गिक एकक आहे, ही त्यांच्या विचारांची दुसरी बाजू होती. यातील पहिल्या तत्त्वाला नगररचनेच्या अभ्यासक्रमांत स्थान मिळाले. दुसरे तत्त्व व्यवहारात फारसे उतरले नाही.

१९३६ च्या कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यासाची स्थापना झाली आणि १९५१ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. एका शहरात नियोजन व विकास यांसाठी दोन यंत्रणा कार्यरत राहिल्या. दरम्यान शहराच्या कडेला शेतजमिनींचे तुकडे पाडून भूखंड विकण्याची प्रक्रिया वेगाने सुरू झाली. नागपूरच्या प्रशासकीय भाषेत ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत. अनधिकृत अभिन्यास नियमित करण्याच्या प्रक्रियेतील या याद्या त्यांच्या संख्येनेच ओळखल्या जाऊ लागल्या. गेडिस यांच्या सूत्राच्या अगदी उलट असा हा क्रम होता. आधी भूखंड, मग घरे, मग नियमितीकरण आणि सर्वांत शेवटी नाल्या व मलवाहिन्या. येथे नकाशाने वाढीला दिशा देण्याऐवजी वाढीनेच नकाशाला आपल्या मागे ओढले.

६. जनगणनेतून दिसणारी व न दिसणारी वाढ

१९०१ साली नागपूरची लोकसंख्या सुमारे १ लाख २८ हजार होती. १९५१ मध्ये ती साडेचार लाखांच्या जवळ पोहोचली. १९९१ मध्ये ती सव्वासोळा लाख, २००१ मध्ये साडेवीस लाख आणि २०११ मध्ये २४ लाख ५ हजारांहून थोडी अधिक झाली. एकशे दहा वर्षांत शहर जवळजवळ एकोणीस पटींनी वाढले.

या आकड्यांतील एक बारकावा उद्बोधक आहे. १९९१ ते २००१ या दशकात शहराची वाढ सुमारे २६ टक्के होती, तर पुढील दशकात ती सुमारे १७ टक्क्यांवर आली. वरकरणी पाहता शहराचा वेग मंदावला, असा निष्कर्ष निघेल. परंतु हे आकडे सुमारे २१७ चौरस किलोमीटरच्या महानगरपालिका हद्दीतील आहेत. याच काळात वाडी, हिंगणा, बेसा, बेलतरोडी या बाजूंनी वस्ती पसरत गेली. महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरील घर हे जनगणनेच्या दृष्टीने नागपूरमधील नसते. त्याचे पाणी, रस्ते, रोजगार व सांडपाणी मात्र नागपूरशी बांधलेले असते.

वाडीचे उदाहरण या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. नाग नदीचा उगम वाडीनजीकच्या लाव्हा परिसरात होतो आणि ते पाणी अंबाझरी तलावाकडे येते. शहराच्या जुन्या जलाशयाचे पाणलोट अशा रीतीने शहराच्या हद्दीबाहेर वसत गेले. सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या महानगर क्षेत्रासाठी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१७ मध्ये अस्तित्वात आले. मात्र तोपर्यंत वाढीचा मोठा भाग घडून गेला होता. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे नियोजनकारांना दीर्घकाळ २०११ च्या आकड्यांवरच भिस्त ठेवावी लागली.

७. मोजणाऱ्या संस्थांचे शहर

देशात फारच थोड्या शहरांत पर्यावरण व भूमी मोजणाऱ्या इतक्या संस्था एकवटल्या असतील. १९५८ मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. पाणीपुरवठा, सांडपाण्याची विल्हेवाट व संसर्गजन्य रोग हे तिचे आरंभीचे विषय होते. १९७४ मध्ये तिचे नामांतर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले आणि ‘नीरी’ या नावाने ती सर्वपरिचित झाली. त्याच वर्षी देशात जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा अमलात आला. १९७८ पासून नीरीने देशातील दहा शहरांत हवेच्या गुणवत्तेची मोजणी सुरू केली. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालयही नागपूरलाच आहे.

१९८८ हे वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने असाधारण म्हणावे लागेल. त्या वर्षीच्या जानेवारीत नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. १७ मार्च रोजी भारताचा पहिला कार्यान्वयी सुदूर संवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए अवकाशात झेपावला. २२ एप्रिल रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. अवघ्या चार महिन्यांत भूमी आकाशातून पाहण्याची संस्था, ती पाहणारा उपग्रह आणि नदी अडविणारे धरण या तिन्ही गोष्टींचा प्रारंभ झाला. पुढील काळात या तिन्ही गोष्टी एकत्र विचारात घेतल्या गेल्या असत्या, तर पूर्व विदर्भाच्या पर्यावरणाचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

८. उताराखालचा इतिहास : नाग, कन्हान, वैनगंगा

नाग नदी नागपूरच्या मध्यातून वाहते आणि पिवळी नदीसह पुढे कन्हान नदीस मिळते. कन्हान ही भंडारा जिल्ह्यात वैनगंगेस मिळते. वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. नागपूर आपले पिण्याचे पाणी मुख्यतः पेंच व कन्हान येथून घेते आणि त्यातील बराच भाग सांडपाण्याच्या रूपाने नाग व पिवळी नद्यांत सोडला जात आला. याचा अर्थ असा की, शहराची तहान जितकी वाढली तितका उताराखालच्या नदीवरील भारही वाढला.

धरणापूर्वी हे सांडपाणी वाहत्या नदीत मिसळत असे. दरवर्षीचा पूर नदीचे पात्र धुऊन काढी. वाहते पाणी हवेतील प्राणवायू शोषून घेत राहते आणि सेंद्रिय घाण काही अंशी विघटित होते. जलाशयात मात्र पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, नत्र व स्फुरद साठतात आणि शेवाळ व जलपर्णी यांना पोषक स्थिती निर्माण होते. गोसीखुर्दच्या फुगवट्याचे पाणी भंडारा शहरापर्यंत येते. भंडाऱ्याच्या पाणीपुरवठ्याचा आधार वैनगंगाच आहे. नदीकाठी मासेमारीवर जगणारा ढीवर समाज आणि प्रकल्पाच्या पाण्यावर धान पिकविणारा शेतकरी, या सर्वांच्या जीवनाशी हा प्रश्न निगडित आहे. २ लाख ५० हजार हेक्टरच्या आसपास सिंचनक्षमता अपेक्षित असलेल्या या राष्ट्रीय प्रकल्पासाठी ज्या गावांनी आपली घरे व शेते दिली, त्यांच्याच परिसरात शहराची घाण साठावी, हा यातील सामाजिक अन्याय आहे.

येथे हेही नमूद केले पाहिजे की, शहराने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. भांडेवाडी येथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारण्यात आले आणि प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास पुरविण्याची योजना अमलात आली. शहरी सांडपाण्याच्या पुनर्वापराचे हे देशातील उल्लेखनीय उदाहरण होय. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे दोन हजार कोटी रुपयांच्या घरातील प्रकल्पासही पुढे मान्यता मिळाली. परंतु कालक्रम पाहता नदीच्या शुद्धीकरणाची ही मोठी योजना २०२० नंतर आकारास आली, तर धरणाची पायाभरणी १९८८ मधील होती. धरणाच्या आखणीत सिंचनाचा हिशेब होता. वरच्या बाजूने वाढत्या शहराचे किती सांडपाणी येईल, हा हिशेब मात्र कोणाच्याच जबाबदारीचा राहिला नाही.

९. २०२३ चा पूर : जुन्या प्रतिमानाची परीक्षा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरमध्ये अवघ्या तीन-चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. जीवितहानी झाली व हजारो कुटुंबांचे नुकसान झाले. सांडव्यासमोरील व नदीपात्रालगतच्या बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला.

इतिहासाच्या अभ्यासकाला या घटनेत एक कटू योगायोग दिसतो. नागपूरच्या ज्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने आपल्या प्रदेशातील पर्जन्य व अपधाव यांचे शास्त्र सुरू झाले, त्यातील प्रमुख जलाशयाच्या खालीच दीडशे वर्षांनंतर शहर पाण्यात सापडले. दरम्यानच्या काळात पाणलोट बदलला, नदीचे पात्र अरुंद झाले, तलावाचा उपयोगही पिण्याच्या पाण्याऐवजी मुख्यतः विहारासाठी होऊ लागला. उपग्रहांनी हा बदल टिपलेला होता. पाऊस पडण्यापूर्वी ज्याला निर्णय घ्यायचा त्याच्यापर्यंत तो आदेशाच्या स्वरूपात पोहोचणे, ही साखळी मात्र तुटलेली होती.

१०. लाखनी व भंडारा जिल्ह्यासाठी बोध

भंडारा हा तलावांचा जिल्हा. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक असून लोकव्यवहारात ते ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. कोहळी समाजाने व गावोगावच्या मालगुजारांनी बांधलेले हे तलाव उताराचा अचूक अभ्यास करून एकाखाली एक रचले गेले. वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात वा बोडीत यावे, पाळ फुटू नये, शेवटच्या बांधीपर्यंत पाणी मिळावे, अशी ती व्यवस्था होती. मध्य प्रांतातील जमाबंदीच्या काळात गावाचे रीतिरिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये आणि सामायिक जमीन, पाणी व जंगल यांवरील हक्क ‘निस्तार पत्रका’त नोंदविले गेले. आजच्या परिभाषेत बोलायचे तर ते ग्रामपातळीवरील संनियंत्रणच होते. पाणलोटाच्या एककावर बेतलेली रचना, तिची लेखी नोंद आणि देखभालीचा ठरलेला जबाबदार, ही तिन्ही अंगे त्यात होती. मालगुजारी व्यवस्थेत शोषणही होते, म्हणून ती पुन्हा आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर तलावांची मालकी शासनाकडे आली आणि देखभाल जिल्हा परिषद व पाटबंधारे विभाग यांच्यात विभागली गेली. तेव्हा जबाबदारीचा धागा सैल झाला, हेही तितकेच खरे आहे.

राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ वरील लाखनी हे आता नगरपंचायतीचे शहर आहे. महामार्गालगत दुकाने, शैक्षणिक संस्था, निवासी भूखंड यांची वाढ होत जाणे स्वाभाविक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची नागरी लोकसंख्या जेमतेम एकपंचमांश होती. याचा अर्थ या जिल्ह्यातील नागरीकरणाचा मोठा भाग अद्याप पुढे आहे. नागपूरला जी संधी १९५१ मध्ये होती ती लाखनीसारख्या गावांना आज आहे. तलाव, बोड्या, सांडवे व नाले यांचा नकाशा भूखंड पडण्यापूर्वी तयार करता येतो. त्यासाठी लागणारी उपग्रहचित्रे आज सहज उपलब्ध आहेत. गावाचे निस्तार पत्रक आणि उपग्रहचित्र एकमेकांवर ठेवून पाहिल्यास कोणते पाणी कोठे होते व आता कोठे आहे, याचे उत्तर मिळू शकते. हे काम भूगोल, इतिहास, रसायनशास्त्र व मराठी या विषयांच्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने महाविद्यालयाच्या पातळीवर करता येण्याजोगे आहे.

११. निष्कर्ष

१) नागपूरच्या वाढीची मोजणी अखंड होत आली. उणीव मोजणीचे निर्णयात रूपांतर करणाऱ्या जबाबदार यंत्रणेची होती.

२) पाणीपुरवठा, नगररचना, जनगणना, हवा व भूमी यांची मोजणी वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या हद्दींत केली. पाणलोट ही नैसर्गिक हद्द कोणाचीच कार्यकक्षा नव्हती.

३) हद्दीबाहेरील वाढ आकडेवारीत उशिरा दिसते. म्हणून वाढ मंदावल्याचा भास होतो आणि उपाययोजना लांबणीवर पडते.

४) प्रतिमान ज्या प्रश्नासाठी घडले त्यापलीकडे ते तसेच वापरणे धोक्याचे असते. पाणलोट बदलला की प्रतिमानही नव्याने तपासले पाहिजे.

५) शहराच्या पर्यावरणविषयक अहवालात शहराच्या सीमेवर नदीचे पाणी कोणत्या स्थितीत बाहेर पडते, याची नोंद प्रमुख स्थानी असावी. तो आकडा उताराखालच्या जिल्ह्यालाही नियमित कळविला जावा, कारण त्याची किंमत तोच जिल्हा मोजतो.

६) लाखनीसारख्या नव्या नागरी केंद्रांनी आपल्या तलावसाखळ्यांची नोंद विकास आराखड्याच्या आधी करावी.

चीनमधील महानगरांच्या अभ्यासातून तंत्र शिकता येते. ते तंत्र कोणत्या प्रश्नासाठी आणि कोणत्या हद्दीत वापरायचे, हे मात्र आपल्याच नद्यांच्या व तलावांच्या इतिहासातून ठरवावे लागेल. नागपूरच्या प्रत्येक नव्या वस्तीचे सांडपाणी अखेर वैनगंगेच्या दिशेने उतरते. म्हणून नागपूरच्या नियोजनाची चर्चा भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांतही व्हावी आणि तेथील आराखड्यांवरील हरकती व सूचनांमध्ये या जिल्ह्याचाही आवाज असावा, इतकी अपेक्षा या अभ्यासाच्या शेवटी व्यक्त करणे उचित ठरेल.